रोल नंबर आणि रजिस्टर नंबर

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या मेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



जेवणानंतरचं पहिलं भाषण संयोजकांनी मला दिलं आहे, आणि जेवणात जिलबी-मठ्ठा होता. तेव्हा कोणाला डुलकी लागली तर मी मनावर घेणार नाही. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला याच सभागृहाच्या वरच्या वर्गात आपण काय करायचो, ते समोर बसलेल्या बाईंना चांगलं आठवत असेल.

कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय ‘आरोग्य माहितीशास्त्र आणि रुग्णसेवेतील तंत्रज्ञान’. ते वाचून सकाळपासून तिघांनी मला विचारलं, “म्हणजे रोबो ऑपरेशन करतो, ते का?” नाही. रोबोबद्दल मला तुमच्याइतकंच माहीत आहे. मी डॉक्टर नाही, इंजिनिअरही नाही. स्टॅटिस्टिक्सची पदवी घेऊन १९९१ साली एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरीला लागले. तळघरात होती ती. लोखंडी मांडण्या, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि छतापर्यंत इंडोर पेपर. पुढे संगणक आले, तळघरातून वरच्या मजल्यावर आले, पण काम तेच राहिलं. एका माणसाला रुग्णाबद्दल जे माहीत आहे, ते त्या रुग्णाला हात लावणाऱ्या पुढच्या माणसापर्यंत वेळेत, अर्थ न बदलता आणि रुग्णाच्या संमतीनं पोचवायचं. आरोग्य माहितीशास्त्र म्हणजे एवढंच. सर्व्हर, टॅब आणि बारकोड यांची सगळी धडपड त्याच्यासाठी असते.

सुरुवात नावापासून करते. आपल्या तुकडीत तीन कुलकर्णी होते, आणि त्यातल्या दोघांची आद्याक्षरंही सारखी. बाईंनी कॅटलॉग उघडून “कुलकर्णी!” म्हटलं की तीन हजेऱ्या यायच्या. म्हणून रोल नंबर. पण रोल नंबर दरवर्षी बदलायचा. आठवीत सतरा, नववीत एकवीस. ज्याला बदल नाही असा नंबर वेगळाच होता, आणि तो आपल्यापैकी कोणालाच पाठ नव्हता. जनरल रजिस्टर नंबर. पाचवीत नाव घातलं त्या दिवशी कार्यालयातल्या जाडजूड रजिस्टरमध्ये जो पडला, तोच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आला. उद्या तुम्ही हरवलेल्या दाखल्याची दुसरी प्रत मागायला आलात, तर शाळा तुम्हाला त्याच नंबरानं शोधेल. पन्नास वर्षांनीसुद्धा.

रुग्णालयांचं दुखणं असं की त्यांच्याकडे वर्षानुवर्षं रोल नंबरच होते. ओपीडीचा केसपेपर नंबर वेगळा, अ‍ॅडमिट झालात की इंडोर नंबर वेगळा, लॅबचा वेगळा, एक्स-रेचा वेगळा. पुढच्या वर्षी आलात की सगळे नव्यानं. माणूस एक, आणि नंबर सात. ते सात नंबर एकाच माणसाचे आहेत हे फक्त त्या माणसाच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीला माहीत. पुण्यात कुठल्याही रुग्णालयाच्या बाकावर पाहा, ही पिशवी दिसतेच. बहुतेक साड्यांच्या दुकानाची असते.

नावानं का नाही शोधता येत? आज दारात आपल्याला बिल्ले मिळाले. मुलींच्या बिल्ल्यांवर माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं आहेत. (हो, मुलीच म्हणणार. छप्पन्न वर्षांच्या असलो तरी.) ज्यांनी हे बिल्ले केले, त्यांना माझ्या विषयातलं अर्धं मर्म न शिकवता कळलेलं आहे. आपल्याकडे बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलंही बदलतं. बाळंतपणाचा केसपेपर माहेरच्या गावात एका नावानं आणि थायरॉइडची फाइल पुण्यात दुसऱ्या नावानं. संगणकाच्या दृष्टीनं त्या दोन अनोळखी बायका. पुरुषांचं नाव बदलत नाही, पण रोमन लिपीत गेलं की त्यालाही पाय फुटतात. ‘ज्ञानेश्वर’ घ्या. एक कारकून ‘डी’पासून लिहितो, दुसरा ‘जी’पासून, आणि उत्तरेकडून आलेला मुलगा काउंटरवर असेल तर तिसरंच काहीतरी.

मग जन्मतारीख तरी? ती ऐकून सर हसतील. आपल्या आई-वडिलांच्या पिढीत, विशेषतः खेड्यातून आलेल्यांत, १ जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत की एखाद्याला वाटावं मे महिन्यात महाराष्ट्रात कोणी जन्मतच नव्हतं. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसायची, गुरुजी १ जून लिहून टाकायचे. तेच पुढे पेन्शनच्या कागदावर, आधारवर आणि आता आमच्या संगणकात. मोबाइल नंबरचंही तसंच. आजी-आजोबा, सून, नातू सगळ्यांचा एकच नंबर, कारण ओटीपी बघता येणारा घरात एकच.

हे गमतीचं वाटतं, पण या कामात मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटत आली आहे. एका माणसाच्या दोन फायली झाल्या तर तपासण्या दोनदा होतात, पैसे जातात, जुनं दुखणं नजरेआड होतं. दोन माणसांची एक फाइल झाली तर एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर दिसतो. म्हणूनच वॉर्डमध्ये मनगटाला पट्टी बांधतात, आणि म्हणूनच चांगली सिस्टर इंजेक्शन देण्याआधी “तुम्ही कुलकर्णीच ना?” असं विचारत नाही, “पूर्ण नाव सांगा” म्हणते. अर्धवट गुंगीतला माणूस “तुम्ही कुलकर्णीच ना?” याला “हो” म्हणतो, मग तो गायकवाड का असेना. घरच्या कोणाला दाखल केलंत आणि दर वेळी नाव विचारतात म्हणून चिडायला झालं, तर कृपा करून चिडू नका.

एकच नंबर चिकाटीनं सांभाळला तर काय हाती लागतं, याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. बायका गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांच्या नोंदी. मग गरोदरपणात त्या काय खातात, किती काम करतात, रक्तात काय आहे. मग बाळाचं वजन आणि कातडीखालची चरबी. मग तेच बाळ सहा वर्षांचं झालं की त्याचं रक्त. आणि त्याच्याही पुढे. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण चरबी मात्र त्या मानानं राखून असलेली. बारीक दिसणारा, तरी आतून चरबी धरलेला भारतीय माणूस तिथे पाळण्यातच सापडला. आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची लक्षणं जास्त होती. आईचं आणि मुलाचं रक्त सहा वर्षांच्या अंतरानं घेतलेलं. त्या दोन नळ्यांमधलं नातं दिसलं, कारण दोन्हींवरच्या नोंदी कोणीतरी नेमक्या जोडून ठेवल्या होत्या. यात मोठं यंत्र काहीच नव्हतं. घरोघर जाणाऱ्या माणसांचे पाय होते आणि न चुकलेला नंबर होता.

तसा नंबर देशातल्या प्रत्येकाला देता यावा म्हणून केंद्र सरकारनं २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केलं. त्यातला १४ आकडी ‘आभा’ क्रमांक तुमच्यापैकी अनेकांकडे असेल, काहींना नकळत मिळालेला. त्याच्याबद्दल नंतर बोलते.

माणूस ओळखला. आता त्याला काय झालंय ते लिहायचं. इथे माझ्या मते संगणकापेक्षा भाषेचा प्रश्न मोठा आहे.

पुणेकर डॉक्टरांना सांगतो, “मला पित्ताचा त्रास आहे.” एकाला म्हणायचं असतं छातीत जळजळतं, आंबट वर येतं. दुसरीला म्हणायचं असतं अर्धं डोकं ठणकतं, उजेड नको होतो, उलटी झाली की बरं वाटतं. तिसऱ्याच्या अंगावर गांधी उठलेल्या असतात आणि तो अमसुलाचं पाणी लावून आलेला असतो. तिघांचं पित्तच. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मात्र पहिला जातो के २१ मध्ये, दुसरी जी ४३ मध्ये आणि तिसरा एल ५० मध्ये. तीन वेगळी अवयवसंस्थानं, तीन वेगळी औषधं. ‘झटका आला’ म्हणजे हृदयविकार, फिट की अर्धांगवायू? ‘चक्कर’ म्हणजे खोली फिरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की नुसता तोल जातो? नवख्या डॉक्टरला यात वर्षं जातात.

डॉक्टरांची भाषा तरी नेमकी असेल असं तुम्हाला वाटत असेल. ‘एमएस’ लिहिलं की हृदयवाल्यांना झडप अरुंद झालेली दिसते, मेंदूवाल्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस दिसतो, भूलवाल्यांना मॉर्फिन दिसतं, आणि नातेवाइकांना वाटतं ही डॉक्टरांची डिग्री. अक्षराबद्दल मी बोलत नाही. नियमावर बोलते. भारतीय वैद्यक परिषदेनं २०१६ मध्ये नियमच केला की औषधं जेनेरिक नावानं, वाचता येतील अशी आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत. नावांमधल्या साम्यानं किती घोटाळा होतो ते पाहा. अमेरिकेत आम्ल कमी करणारं ‘लोसेक’ आणि लघवी वाढवणारं ‘लॅसिक्स’ यांची इतकी गल्लत व्हायला लागली की १९९० मध्ये कंपनीला लोसेकचं नाव बदलून ‘प्रायलोसेक’ करावं लागलं. म्हणजे आधी नाव नेमकं करायचं, मग संगणक.

आजारांची जगभर एक यादी असावी ही खटपट जुनी आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्तियाँ यांची मृत्यूच्या कारणांची यादी १८९३ मध्ये स्वीकारली गेली, आणि १९४८ पासून ते काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आलं. पण ती यादी मुळात मोजण्यासाठी आहे. रुग्णापाशी बसून बारकावे लिहायचे तर ती अपुरी पडते. त्यासाठी ‘स्नोमेड’ नावाचा साडेतीन लाखांहून जास्त वैद्यकीय संकल्पनांचा कोश आहे. भारत २०१४ मध्ये त्याचा सदस्य झाला, त्यामुळे इथल्या रुग्णालयांना तो फुकट वापरता येतो. आपल्यासाठी गंमत अशी, की हे सगळं सांभाळणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच आहे, पाषाणला, सी-डॅकमध्ये. आपण बारावीनंतर धडपडत होतो तेव्हा, १९८८ मध्ये, महासंगणक करण्यासाठी निघालेली ही संस्था. १९९१ मध्ये ‘परम’ आला तेव्हा छाती फुगलेली आपल्याला सगळ्यांना आठवते. आज त्याच संस्थेत, छातीत जळजळणं आणि अंगावर गांधी उठणं यांना संगणकात वेगळं कसं ठेवायचं हे माणसं ठरवतात. याचा फोटो पेपरात येत नाही. मला विचाराल तर हे काम महासंगणकाइतकंच महत्त्वाचं आहे.

आकड्यांनाही भाषा लागते. ज्यांची मुलं इंग्लंडात आहेत त्यांच्यासाठी सांगते. तिकडे मुलीकडे गेलेल्या आजोबांची साखर तपासली आणि मुलीनं फोनवर सांगितलं, “सात आली.” इकडे आजीचा जीव जाईल! तिकडची ७ म्हणजे आपली १२६. ते मिलिमोलमध्ये मोजतात, आपण मिलिग्रॅममध्ये. एकक न लिहिलेला आकडा माझ्या रेकॉर्ड रूममध्ये मी कधी घेतला नाही. प्रमाणित नाव, प्रमाणित एकक आणि पाठवायची प्रमाणित पद्धत असली की दोन अनोळखी यंत्रं एकमेकांशी बोलू शकतात. साताऱ्यात काढलेला सीटी स्कॅन सीडीवर घालून पुण्यात आणला तर तो उघडतो, कारण चित्रांपुरतं तरी ‘डायकॉम’ नावाचं मानक १९९३ पासून बहुतेक सगळ्या कंपन्या पाळतात. शब्दांच्या बाबतीत अजून तिथवर पोचलेलो नाही. आपल्या आरोग्य मंत्रालयानं इलेक्ट्रॉनिक नोंदींची मानकं २०१३ मध्ये काढली, २०१६ मध्ये सुधारली. कागदावर ती उत्तम आहेत.

इथे माझ्या वडिलांबद्दल थोडं सांगते. तुमच्यातले काही आमच्या घरी यायचे, त्यांना ते आठवत असतील. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती, कृत्रिम, आणि त्यासाठी रोज वॉरफरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी. २०११ मध्ये त्यांची दाढ काढायची होती. दवाखान्याचं नाव सांगत नाही, गरजही नाही. दाताच्या डॉक्टरांनी रीतसर विचारलं, “काही आजार?” वडील म्हणाले, “आता काही नाही.” त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. झडप बदलून आठ वर्षं झाली होती, आजार संपला होता. गोळी ही त्यांना दात घासण्यासारखी रोजची गोष्ट, ती आजारात थोडीच मोडते? दाढ निघाली. सोबत पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्यातली एक मेट्रोनिडाझोल. ती वॉरफरिनचा जोर आणखी वाढवते. दुसऱ्या रात्री उशी लाल झाली. चार दिवस दवाखान्यात काढले. वाचले, पुढे सात वर्षं जगले आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले की त्यांनी विचारलं त्याचं मी बरोबर उत्तर दिलं.

आणि ते बरोबरच म्हणत होते. सर्जनच्या फाइलमध्ये झडप होती. लॅबच्या संगणकात चार दिवसांपूर्वीचा आयएनआर होता, हवा त्यापेक्षा जास्त. कोपऱ्यावरच्या केमिस्टच्या संगणकात दर महिन्याची वॉरफरिनची बिलं होती, आणि मेट्रोनिडाझोलही त्यानंच दिलं. माहिती तीन ठिकाणी होती आणि सगळी अर्ध्या किलोमीटरच्या आत. तिला चालत जायला रस्ता नव्हता. आता चांगल्या ठिकाणच्या फॉर्मवर ‘आजार’ या रकान्याच्या खाली वेगळं विचारतात: रोज कुठल्या गोळ्या घेता? रक्त पातळ होण्याची गोळी घेता का? शरीरात काही बसवलं आहे का? एक प्रश्न नीट विचारणं हेसुद्धा तंत्रज्ञानच आहे असं मी मानते.

अशी दोन औषधं एकत्र लिहिली गेली की संगणक लाल चौकट दाखवून थांबवू शकतो. हे आज अनेक रुग्णालयांत आहे. पण त्यातही मेख आहे. खबरदारी म्हणून प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला चौकट लावली की डॉक्टर न वाचता ‘ओके’ दाबायला लागतात. लक्ष्मी रस्त्यावर हॉर्न ऐकून कोणी वळून बघतं का? तसंच. कमी आणि खरे इशारे ठेवायचे, हे ठरवायला धैर्य लागतं, कारण एखादा गाळलेला इशारा पुढे अंगाशी येईल अशी भीती प्रत्येकाला असते.

आणि हा सगळा मजकूर भरतं कोण? ९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले, त्यानंतरचं दीड वर्ष आठवा. खाटा दाखवणारं पान मोबाइलवर उघडायचं, त्यावर दोन खाटा रिकाम्या दिसायच्या, फोन केला की “भरल्या” म्हणायचे. लोक चिडायचे, आणि चिडणं साहजिक होतं. पण त्या पानामागे वॉर्डमधली कोणीतरी सिस्टर होती, जी पीपीई घालून रुग्णाला पालथं झोपवत होती, आणि खाट भरल्यानंतर संगणकात आकडा बदलायला तिला दोन तास मिळाले नव्हते. माहिती आपोआप उगवत नाही. नवीन प्रणाली विकायला येणारे लोक मला पडदे दाखवतात, रंगीत आलेख दाखवतात. मी एकच विचारते: रात्री तीन वाजता सिस्टरला किती वेळा क्लिक करावं लागेल? बरेच जण तिथे गप्प होतात.

रकाने भरायच्या नादात माणूस हरवतो अशी तक्रार जुने डॉक्टर करतात. ती मला पूर्ण पटत नाही, कारण रकान्यांतही माणूस सापडतो, बघणारा हवा. त्याच आंतरराष्ट्रीय यादीत एक कोड आहे, झेड ६०.२. अर्थ काय, तर एकटं राहण्यातून येणाऱ्या अडचणी. कोथरूडपासून सहकारनगरपर्यंत किती फ्लॅटमध्ये हा कोड राहतो, ते तुम्हाला सांगायला नको. चौथ्यांदा ‘अशक्तपणा’ म्हणून दाखल होणाऱ्या आजींच्या फाइलवर तो लिहिला तर घरी सोडताना कोणीतरी विचारेल, डबा कोण देतं, गोळ्या कोण देतं. तेहतीस-चौतीस वर्षांत मी तो कोड लिहिलेला बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला.

आता संमती. हा भाग पुण्यात बोलायचा तर १८९७ आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्लेगच्या त्या वर्षी सरकारलाही माहितीच हवी होती: कोणत्या घरात रुग्ण आहे. ती मिळवायला मार्चपासून सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, बायकामाणसांना तपासलं, सामान बाहेर काढलं. साथ आटोक्यात आणायला रुग्ण वेगळा काढणं आवश्यक होतं, हे वैद्यकीयदृष्ट्या खोटं नव्हतं. पण झालं काय? लोकांनी रुग्ण लपवले, मृत्यू लपवले. जी माहिती हवी होती तीच नाहीशी झाली. २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, ते आपण इतिहासात शिकलो. माझ्या कामाच्या दृष्टीनं त्या प्रकरणाचा एक अर्थ असाही आहे की दांडगाईनं मागितलेली माहिती खोटीच मिळते.

म्हणून ‘आभा’बद्दल सकाळपासून मला जे विचारलं जातंय त्याचं उत्तर इथे देते. सगळे रिपोर्ट दिल्लीत एका कपाटात जमा होतात का? तशी रचना नाही. ज्या रुग्णालयात नोंद झाली तिथेच ती राहते. दुसऱ्या डॉक्टरनं मागितली तर तुमच्या मोबाइलवर विनंती येते: कोण मागतंय, काय मागतंय, किती दिवसांसाठी. तुम्ही हो म्हटलंत तर ती तिथून तिथे जाते. दिलेली संमती मागेही घेता येते. क्रमांक काढणं ऐच्छिक आहे, तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही आला. रचना चांगली आहे, असं माझं मत. पण ऐंशी वर्षांच्या माणसाच्या वतीनं काउंटरवरचा मुलगा “आजोबा, आलेला नंबर सांगा” म्हणून ओटीपी घेतो आणि पुढच्या चार परवानग्या स्वतःच देऊन टाकतो, त्याला संमती म्हणत नाहीत. घरी आई-वडिलांबरोबर बसून एकदा ते अ‍ॅप उघडा आणि आजवर कोणाकोणाला काय दिलंय ते बघा.

आणि एक उलट बाजू. आपण सरकारला रिपोर्ट द्यायला बिचकतो आणि बायोप्सीचा रिपोर्ट ‘कुलकर्णी परिवार’ या पन्नास जणांच्या ग्रुपवर टाकतो! ज्याचा रिपोर्ट आहे त्याला कोणी विचारलेलं नसतं.

तुमची फाइल तुम्हाला मागता येते, हेही अनेकांना माहीत नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षं जपायच्या असतात आणि रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्या तर ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी येऊ नका. ऑपरेशन झालं असेल तर ऑपरेशनची नोंद आणि शरीरात जे बसवलं त्याचं स्टिकर, दोन्ही मागा. पेसमेकर कुठल्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय एमआरआयवाले पुढे जात नाहीत, आणि ते सांगणारं स्टिकर बहुधा जुन्या फाइलच्या शेवटच्या पानावर असतं.

मी एक अर्ध्या पानाचा तक्ता करून आणला आहे. आधारवरचं नाव, जुनं नाव, खरी जन्मतारीख आणि कागदावरची जन्मतारीख असे दोन रकाने. रोजच्या गोळ्या, जेनेरिक नावानं, मात्रेसह. रक्त पातळ होण्याची गोळी, हो की नाही, हे वेगळं. कशाची अ‍ॅलर्जी आहे आणि तेव्हा नेमकं काय झालं होतं, म्हणजे नुसतं ‘पित्त उठलं’ लिहायचं नाही. ऑपरेशनं, सालासकट. शरीरात बसवलेल्या वस्तू. दोन फोन नंबर, त्यातला एक पुण्यातला, कारण रात्री दोन वाजता न्यू जर्सीचा मुलगा पोचू शकत नाही. भरून झालं की तारीख घाला आणि तीन महिन्यांनी बदला. एक प्रत पाकिटात, एक फ्रिजच्या दारावर, एक शेजाऱ्यांकडे.

तक्ते उजव्या दाराजवळच्या बाकावर ठेवले आहेत. सर आणि बाईंसाठी मोठ्या अक्षरातले वेगळे आहेत, ते वरच्या बाजूला. आई-वडिलांसाठी हवे असतील तर जास्त न्या, दोनशे आणले आहेत. पेनंही ठेवली आहेत, कारण शाळेत पेन कोण कोण आणत नव्हतं ते मला अजून आठवतंय.